गतवर्षाची वही

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारून झाली, निंबाचीं कोंवळीं पानें, गूळ व ओंवा यांचा प्रसाद तोंडांत पडला आणि पंचांगांतील संवत्सरफल वाचून झालें, म्हणजे आम्ही माजघरांत पाटावर बसून जुनी वही मिटतों व नवी उघडतों. हा आमचा नेम शके १९०८ पासूनचा, म्हणजे इ. स. १९८६ सालापासूनचा आहे. त्या वर्षीं आमचें लग्न झालें, व संसाराची नोंद कागदावर असावी अशी शाळामास्तरी बुद्धि आम्हांस झाली. घरीं वडिलांपाशीं रूपावली, समासचक्र व अमरकोश पाठ करून आणि मॅट्रिक होऊन आम्हीं अध्यापनाचा व्यवसाय धरला, व अडतीस वर्षें हजेरीपट भरले. त्यामुळें जें नोंदलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असा एक समज आमच्या मनांत नकळत मुरला होता. यंदा चाळिसावी वही मिटतांना त्या समजास जो धक्का बसला, तोच या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

गत संवत्सराचें नांव विश्वावसु, शके १९४७. तें ३० मार्च २०२५ रोजीं सुरू झालें व १९ मार्च २०२६ रोजीं पराभव संवत्सरास जागा देऊन निघून गेलें. आमच्या वहीचे संस्कार, प्रवास व गृह असे तीन भाग असतात. या वर्षीं तिन्ही भाग भरगच्च होते. ठळक नोंदी वाचकांपुढें जशाच्या तशा ठेवतों.

"वैशाख. आम्हीं नातवाची मुंज येथेंच केली. पंगतीस अडीचशें पान." मुंज पुण्यास कार्यालयांत करावी असें चिरंजिवांचें मत होतें. परंतु आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐशीं वर्षांच्या. त्यांना मोटारींतून नेणें-आणणें झेपण्यासारखें नव्हतें. आणि पणतवाच्या भिक्षावळींत पणजीचा हात असावा, ही त्यांची इच्छा. शास्त्रांत ब्राह्मणाच्या मुलाचें उपनयन गर्भापासून आठव्या वर्षीं सांगितलें आहे. तो काळ टळूं नये हाही विचार होता. तेव्हां वाईसच, कृष्णेच्या कांठीं, हें कार्य यथासांग पार पडलें.

"ज्येष्ठ. आम्हीं कन्येचें दुसरें बाळंतपण केलें. मुलगी झाली. माता व बालक सुखरूप." बाराव्या दिवशीं बारसें झालें. श्रावणअखेर तिला व बाळाला नागपुरास सासरीं पोंचवून आलों, तो प्रवास दुसऱ्या भागांत नोंदला आहे.

"भाद्रपद. मातोश्री पडल्या. साताऱ्यास शस्त्रक्रिया झाली. आम्हीं त्यांची शुश्रूषा केली." गौरींचें विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते. पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. या वयांत शस्त्रक्रिया कशाला, असें आम्हांस वाटत होतें. परंतु डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षां अंथरुणाचेंच भय अधिक. महिनोन्महिने निजून राहिलें कीं छातींत कफ सांचतो, पायांत रक्त गोठतें, पाठीस जखमा होतात. म्हणून एकदोन दिवसांच्या आंत हाड जोडून रोग्याला लवकर उठवून बसवावें, हाच त्यावरील उपाय. तसें केलें, आणि ईश्वरकृपेनें त्या वांचल्या. पुढें कित्येक आठवडे त्यांना दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागे. चार पायांच्या धरणीचा आधार घेऊन आतां त्या देवघरापर्यंत येतात. स्मरण मात्र त्या दिवसांपासून पुष्कळच विरळ झालें आहे.

"कार्तिक. आम्ही काशीस गेलों." ही नोंद आम्हीं मोठ्या अक्षरांत केली आहे. काशीयात्रा हा आमच्या कित्येक वर्षांचा संकल्प. तिकिटें चिरंजिवांनीं उन्हाळ्यांतच काढून ठेविलीं होतीं. त्यांचीं दोघें, नातवंडें, आम्ही व आमची सौभाग्यवती अशीं सहा. पूर्वींच्या काळीं या यात्रेस निघणारा मनुष्य घरच्यांचा निरोप कायमचाच घेऊन निघे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं १८५७च्या धामधुमींतून वाट काढीत आईबापांसाठीं गंगेची कावड खांद्यावरून आणली. आम्ही मात्र आगगाडींत निजून गेलों व निजून आलों. अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलेल्या मंदिरांत विश्वेश्वराचें दर्शन झालें. अहल्याबाई घाट, भोंसले घाट, शिंदे घाट अशीं आपलींच नांवें नावेंतून वाचतांना ऊर भरून आला. काशीस एखादी आवडती वस्तु सोडावी असा प्रघात आहे. आम्हीं दुधी भोंपळा सोडला. घरीं आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "तो तर तुम्हीं तीस वर्षें ताटांतच सोडीत आलां आहांत!"

"घरीं आल्यावर" असें आम्हीं वर लिहिलें, तें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. सौभाग्यवती यात्रेस आली नव्हती. मातोश्रींना टाकून दोघांनीं जाणें शक्य नव्हतें. निघण्याच्या आठ दिवस आधीं ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझें काय, पुढें कधीं तरी." आम्हीं "बरें" म्हटलें. पुन्हा एकदां विचारावें, मी राहतों तूं जा असें म्हणावें, हें त्या वेळीं आम्हांस सुचलेंही नाहीं. परतल्यावर मावंदें घातलें, गंगापूजन झालें. तांब्याचा गडू फोडून मातोश्रींच्या मुखांत पहिलें गंगोदक आपल्या हातानें घालावें म्हणून आम्ही पळी पुढें केली, तर त्यांनीं तोंड फिरविलें. त्या कांहीं आठवडे केवळ सुनेच्या हातचें पाणी घेत होत्या, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. शेवटीं पळी सौभाग्यवतीच्या हातीं दिली, आणि गंगोदक प्राशन झालें. ही गोष्ट वहींत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. होळीच्या सुटींत आमची नात वाईस आली होती. ती बारा वर्षांची आहे व तिला प्रश्न फार पडतात. काशीस घाटावर संकल्प सांगतांना तेथील पुरोहितांनीं संवत्सराचें नांव "सिद्धार्थी" असें उच्चारलें होतें. घरीं तर आपण विश्वावसु म्हणतों, मग खरें कोणतें, असें तिनें तेथेंच विचारलें होतें. घरीं गेल्यावर सांगूं, असें म्हणून आम्हीं तें टाळलें व विसरलों. ती विसरली नव्हती. होळीच्या दिवशीं दुपारीं पाटी घेऊन समोर बसली.

तिला जें सांगितलें तें संक्षेपानें असें: संवत्सरें साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत. बृहस्पति सुमारें बारा वर्षांत व शनि सुमारें तीस वर्षांत राशिचक्राची प्रदक्षिणा करितो. साठ वर्षांत एकाच्या पांच व दुसऱ्याच्या दोन प्रदक्षिणा होतात. उत्तरेकडे संवत्सर बृहस्पतीच्या मध्यम गतीवरून मोजतात. त्याला एक राशि चालावयास सुमारें ३६१ दिवस लागतात, म्हणजे सौर वर्षाहून चारएक दिवस कमी. त्यामुळें सुमारें पंचायशीं वर्षांनीं एक नांव गळून जातें. नर्मदेच्या दक्षिणेस आपण तसें नांव गाळीत नाहीं. म्हणून दोहोंत हल्लीं चौदा नांवांचें अंतर पडलें आहे, आणि आपापल्या रीतीनें दोन्ही खरीं. आपल्याकडील नांव काढण्याची रीत सोपी आहे. शकाच्या आंकड्यांत बारा मिळवावे, साठांनीं भागावें. जी बाकी उरेल तितकावा संवत्सर. १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसु.

नातीस हा खेळ फार आवडला. तिनें घरांतील एकेकाचा जन्मशक विचारून पाटीवर गणित मांडलें. पणजीआजीचा शके १८५९, बाकी अकरा, ईश्वर. आजोबांचा शके १८८१, बाकी तेहतीस, विकारी. मग म्हणाली, "आजीचा शक सांगा." तिची पत्रिका पेटींतून काढली, शके १८८७, फाल्गुन वद्य पंचमी. नातीनें बारा मिळविले, भागाकार केला, आणि पाटी आमच्यापुढें धरली. "आजोबा, एकोणचाळीसच उरले! हें तर यंदाचेंच नांव. म्हणजे आजीचा संवत्सर फिरून आला, आणि पांच दिवसांनीं तिला साठ पुरीं होणार!"

आम्ही स्तब्ध झालों. आमचा स्वतःचा जन्मसंवत्सर २०१९ सालीं फिरून आला, तेव्हां उग्ररथशांति झाली होती. आप्तेष्ट जमले, शाल आली, आम्हीं भाषणही केलें. सौभाग्यवती त्या दिवशीं आमच्या उजव्या बाजूस, आमच्या हातास हात लावून बसली होती. तिची साठी मात्र कोणाच्याच ध्यानांत नव्हती. तिची जन्मतिथि रंगपंचमी. ती दर वर्षीं रंगाच्या गडबडींत बुडते. शाळेच्या दाखल्यांत तिची जन्मतारीख १ जून पडली आहे, कारण खेड्यांतील कित्येक मुलांना आमच्याच व्यवसायबंधूंनीं हीच एक तारीख सोयीची म्हणून वांटून दिली. आणि गेल्या १ जूनला घरांत बाळंतीण होती.

नातीचें समाधान एवढ्यावर झालें नाहीं. तिनें वही मागितली व आजीचें नांव शोधूं लागली. पानें उलटून झाल्यावर तिनें विचारलें, "आजोबा, यांत सगळीकडे 'आम्ही' आहे. आम्ही म्हणजे कोण? काशीला तर आजी नव्हती. आणि आत्याचें बाळंतपण तुम्हीं केलें?"

लहान मुलाच्या प्रश्नास उत्तर नसलें म्हणजे "तूं अजून लहान आहेस" असें म्हणावयाचें, ही शाळेंतील जुनी युक्ति. ती या वेळीं जिभेवर आली नाहीं. आमच्या डोळ्यांपुढून वर्ष दुसऱ्यानें सरकूं लागलें. मुंजीच्या छायाचित्रांत सौभाग्यवती फार थोड्या ठिकाणीं दिसते, तीही पाठमोरी. मातोश्रींना घेरी आली म्हणून मुहूर्तानंतर लगेच त्यांना ती घरीं घेऊन आली होती. बाळंतपणांत आम्हीं केलें काय, तर दोन वेळां औषधें आणलीं व बारशाचा मुहूर्त पाहिला. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाचें तेलपाणी, धुरी, रात्रीं रडणारें मूल खांद्यावर घेऊन येरझारा घालणें, हें सर्व दुसऱ्याच कोणीं केलें. शुश्रूषेचेंही तेंच. व्याकरणांत "आम्ही" हें बहुवचन आहे. आमच्या वहींत तें चाळीस वर्षें एकवचन होतें, आणि जेथें खरोखर दुसरी व्यक्ति होती तेथें आम्हीं तिचें काम आपल्या नांवावर चढविलें होतें.

मनुष्यास पश्चात्ताप झाला कीं तो प्रथम पोथी उघडतो. आम्हींही शांतीचे प्रयोग काढून बसलों. पांच दिवसांत कोणते गुरुजी मिळतील, किती पान होईल, याचा हिशेब करूं लागलों. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली.

"अहो, मिटा तें पुस्तक. शांति कराल म्हणजे पुन्हा चाळीस माणसांचा स्वयंपाक, आणि तो मलाच."

"मग तुला काय हवें?"

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "शिमग्याला माहेरीं जाऊन येईन म्हणतें. पालखी घरीं येते ती पाहून किती वर्षें झालीं. चार दिवस."

मेणवलीस ज्यांचा वाडा आहे त्या नाना फडणविसांचें मूळ गांव कोंकणांतील वेळास. त्याच्याच आसपास, बाणकोटच्या खाडीकडे आमची सासुरवाडी आहे. महाबळेश्वरावरून घाट उतरून पोलादपूर, महाड, मंडणगड असा रस्ता. मोटारीनें एका दिवसाचा. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत ती शिमग्यास एकदांच तेथें गेली होती. चार दिवस! ही मागणी ऐकून आम्हांस काशीहून अधिक लाज वाटली. "आणि आईंचें?" असें तिनेंच पुढें विचारलें. आम्हीं म्हटलें, "मी आहे." तिच्या चेहऱ्यावर जो संशय उमटला तो आमच्या चाळीस वर्षांच्या कर्तृत्वाचें यथार्थ मूल्यमापन होतें. नातीस बरोबर धाडलें; तिची शाळेची चार दिवसांची गैरहजेरी, जन्मभर हजेरी घेणाऱ्या आम्हींच मंजूर केली. मोटार चिरंजिवांनीं चालविली.

त्या चार दिवसांचें वर्णन विस्तारानें करणार नाहीं. पहिल्या दिवशीं मातोश्रींनीं आमच्या हातचें पाणी घेतलें नाहीं. "ती कोठें आहे?" एवढेंच विचारीत राहिल्या. गोळ्या पांच प्रकारच्या. कोणती जेवणाआधीं व कोणती नंतर यांत आमचा गोंधळ उडाला, तेव्हां सौभाग्यवतीस दूरध्वनि करावा लागला. रात्रीं त्या तीनदां उठल्या. न्हाणीघरापर्यंत नेतांना त्यांचा हात कोठें धरावा म्हणजे त्यांना भीति वाटत नाहीं, हें आम्हांस माहीत नव्हतें; तो दंडाला नव्हे, तर कोपराखालीं धरावा लागतो. ज्या आईनें आम्हांस चालावयास शिकविलें तिला धरून चालविण्याची विद्या सहासष्टाव्या वर्षीं आम्हीं शिकलों. दुसऱ्या रात्रीं त्यांनीं आम्हांस "गुरुजी" म्हणून हांक मारली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं, कंटाळून असो वा ओळखून असो, त्यांनीं आमच्या हातचें अर्धा वाटी पाणी घेतलें. तें गंगोदक नव्हतें, नळाचें होतें. आमची काशीयात्रा त्या वेळीं पुरी झाली असें वाटलें.

औषधांच्या वेळा पाहण्यासाठीं स्वयंपाकघरांतील भिंतीवरची दिनदर्शिका खालीं काढली, तेव्हां आणखी एक गोष्ट उघड झाली. तिच्या प्रत्येक चौकटींत शिसपेनीचें बारीक अक्षर होतें. दूध किती, गॅसची टांकी केव्हां लागली, मातोश्रींनीं किती खाल्लें, कोणास काय द्यावयाचें. मागील सालची खिळ्यास मागेंच अडकविलेली होती. ती उलटत कार्तिकापर्यंत गेलों. आम्ही काशीस पोंचलों त्या दिवशींच्या चौकटींत लिहिलें होतें, "हे पोंचले. थंडी नाहीं म्हणाले. आई रात्रीं दोनदां." आम्ही परत आलों त्या दिवशीं, "सर्व आलीं. हे दमलेले." आमच्या चाळीस वह्यांत तिचें नांव नव्हतें, आणि तिच्या दिनदर्शिकेंत दिवसाआड आम्ही होतों. यंदाच्या फाल्गुन वद्य पंचमीच्या चौकटींत जाण्यापूर्वीं तिनें एवढेंच लिहून ठेविलें होतें, "दूध अर्धा लिटर कमी."

रंगपंचमीच्या संध्याकाळीं दूरध्वनि केला. तिच्या वहिनीनें औक्षण केलें होतें. पालखी अंगणांत नाचली होती. नातीनें वेळासच्या किनाऱ्यावर कांसवाचीं पिलें समुद्राकडे धांवतांना पाहिलीं होतीं. सौभाग्यवतीचा आवाज मुलीसारखा लागत होता. आम्हीं सांगावयाचें बरेंच ठरविलें होतें. प्रत्यक्षांत, "आईंनीं पाणी घेतलें," एवढेंच बोललों. ती म्हणाली, "मला वाटलेंच होतें घेतील."

वाचकहो, हें सर्व घरगुती वृत्त छापून आम्हीं आपला अपराध हलका करूं इच्छितों, असें कोणी म्हणेल. थोडें तसें असेलही. परंतु आपणांपैकीं अनेकांच्या घरीं कार्यांच्या याद्या, प्रवासाचे हिशेब व छायाचित्रांचे संग्रह आहेत. मुंजी, लग्नें, यात्रा हे वर्षांतले दिवस फार तर पंधरावीस; उरलेले साडेतीनशें दिवस ज्या हातांवर चालतात, त्यांची नोंद बहुधा कोठेंच नसते, किंवा असली तर शिसपेनीची असते. तेव्हां आपलें गतवर्षाचें टिपण एकदां उघडावें, आणि जेथें जेथें "आम्हीं केलें" असें लिहिलें असेल तेथें तें खरोखर कोणीं केलें, हें घरांतील लहान मुलाकडून तपासून घ्यावें. मोठीं माणसें या कामीं उपयोगी नाहींत. तीं भीड धरितात. कार्तिकांत सौभाग्यवती चिरंजिवांबरोबर काशीस जाणार आहे, तिकीट निघालें कीं लगेच. आणि घरीं आम्ही राहणार आहोंत. हें येथें छापण्याचा हेतु इतकाच कीं, आतां मागें फिरतां येऊं नये.

संवत्सराचें नांव पराभव आहे म्हणून कोणीं भिण्याचें कारण नाहीं; आमचा झाला तो हितकारक झाला. प्रतिपदेस एकेचाळिसावी वही उघडली व लेखणी सौभाग्यवतीच्या हातीं दिली. पहिली ओळ तूं लिही, असें म्हटलें. तिनें हात पदरास पुसले, थोडा विचार केला, आणि लिहिलें, "दूधवाल्याचे एकशें वीस रुपये देणें आहेत."